एक आडनाव, अनेक दप्तरे: कोल्हापुरात राहून घराण्याचे कागद आणि ग्रंथ कसे शोधावेत

‘घोरपडे घराण्याचे कागद कुठे बघायला मिळतील?’ कोल्हापुरात जुन्या कागदांची गोडी असलेल्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. घोरपड्यांच्या जागी कधी घाटगे असतात, कधी पवार, कधी माने. उत्तराआधी उलट प्रश्न करावाच लागतो: कुठले घोरपडे? कापशीचे, दत्तवाडचे, इचलकरंजीचे, मुधोळचे, गजेंद्रगडचे, संडूरचे की गुत्तीचे? आडनाव एक, पण कागद तीन राज्यांत विखुरलेले, आणि त्यांवर लिहिणारे अभ्यासक वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या काळांतले.

आडनावाने शोध सुरू करायला काहीच हरकत नाही. मात्र प्रत्येक कागद घराणे, गाव आणि किताब यांना बांधून घेतल्याशिवाय तो ‘आपल्या’ यादीत घालू नये. हे पथ्य कसे पाळायचे ते मी घोरपड्यांचे उदाहरण घेऊन सांगतो. आडनाव दुसरे असले तरी रीत हीच.

आधी शाखा मांडा, मग कागद मागा

पुरालेखागारात जाण्याआधी घरीच एका मोठ्या कागदावर त्या आडनावाच्या माहीत असलेल्या सगळ्या शाखा लिहून काढा. त्यासाठी उत्तम आधार म्हणजे मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचा कोल्हापूरचा खंड. तो चोविसावा, १८८६ साली निघालेला. करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या मांडलिक जहागिरींची, म्हणजे विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी, तोरगल, दत्तवाड वगैरेंची माहिती त्यात एकत्र मिळते. त्याच्या जोडीला स. मा. गर्गे यांची ‘करवीर रियासत’ घ्या. या दोन ग्रंथांवर पहिला आराखडा उभा राहतो.

घोरपड्यांचा आराखडा असा होतो. म्हाळोजी घोरपडे १६८९ मध्ये संगमेश्वरी पडले. त्यांचे पुत्र संताजी, बहिर्जी आणि मालोजी. संताजींच्या वंशाकडे सेनापती हा किताब राहिला, म्हणूनच कागल तालुक्यातले गाव आजही सेनापती कापशी म्हणून ओळखले जाते. (कापशी म्हटले की बहुतेकांना आधी चप्पल आठवते. त्या गावाच्या नावातला इतिहासही तितकाच आठवणीत राहावा असे मला मनापासून वाटते.) बहिर्जींना हिंदुराव आणि मालोजींना अमीर-उल-उमराव हे किताब राजाराम महाराजांच्या काळात मिळाले. गुत्तीचे मुरारराव घोरपडे कर्नाटकातल्या लढायांत गाजले. १७७६ साली हैदरअलीने गुत्ती घेतली आणि मुरारराव त्याच्या कैदेतच वारले. मुधोळची शाखा आणखी जुनी, आदिलशाहीतली.

आणि मग येतात इचलकरंजीचे घोरपडे. नवखा अभ्यासक इथेच फसतो, कारण हे घराणे मूळचे जोशी, कोकणस्थ ब्राह्मण. नारो महादेव हा लहानपणीच वडील गेलेला मुलगा संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने वाढला आणि कृतज्ञतेने त्याने धन्याचेच आडनाव लावले. कापशी आणि इचलकरंजी ही गावे आज एकाच जिल्ह्यात आहेत, आडनावही एकच, पण दोघांत रक्ताचे नाते नाही. वंशावळ मांडताना ही दोन घराणी एका झाडावर चढवली की पुढचे सगळे काम वाया जाते.

आडनाव बदलण्याच्या दोन वाटा नेहमी तपासा: दत्तक आणि लग्न. दत्तकाचे सगळ्यात ठळक उदाहरण कोल्हापूरकरांना पाठच आहे. कागलकर घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी करवीरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. त्यांच्या बालपणाचे कागद ‘घाटगे’ म्हणून शोधावे लागतात, पुढचे ‘छत्रपती’ म्हणून. लग्नाचे उदाहरणही कागलचेच. सर्जेराव घाटग्यांच्या कन्या बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिल्या. तेव्हापासून कागलच्या या घराण्याचा माग शिंदेशाहीच्या कागदांत काढावा लागतो. इचलकरंजीकडे पाहिले तर व्यंकटराव घोरपड्यांच्या पत्नी अनूबाई म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी. त्यामुळे इचलकरंजीची पत्रे पुण्याच्या पेशवे दप्तरात सापडली तर नवल वाटायला नको. मराठी घराण्यांतल्या स्त्रियांचे कागद माहेर आणि सासर अशा दोन्ही नावांनी शोधायचे, हा नियम करून टाका.

कागद कुठे गेले हे राज्यकारभार सांगतो

आराखडा झाला की प्रत्येक शाखेपुढे एकच गोष्ट लिहा: हे घराणे कोणाच्या अमलाखाली होते आणि ते संस्थान कधी, कशात विलीन झाले? कागद कारभाराच्या मागून जातात. करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. इचलकरंजी, कापशी, दत्तवाड या जहागिरी करवीरच्या मांडलिक, म्हणून त्यांच्याविषयीच्या सरकारी कागदांचा शोध कोल्हापूरच्या पुरालेखागारातून सुरू होतो. मुधोळ स्वतंत्र संस्थान होते. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात आले, विजापूर जिल्ह्यात गेले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो सगळा मुलूख म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला मिळाला. संडूर मद्रास राज्यातून १९५३ साली म्हैसूरकडे आले. गुत्तीच्या मुराररावांविषयीचा इंग्रजी पत्रव्यवहार मुंबईत नाही, तो जुन्या मद्रास इलाख्याच्या दप्तरांत, म्हणजे चेन्नईत बघावा लागतो.

पुण्याचे पुरालेखागार, म्हणजे पेशवे दप्तर, आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन ठिकाणांना कोल्हापूरकराला पर्याय नाही. मुंबईच्या पुरालेखागारात कंपनी सरकारचा आणि पुढे इंग्रज सरकारचा राजकीय पत्रव्यवहार आहे, त्यात कोल्हापूरच्या पोलिटिकल एजंटाकडून आलेला मजकूर सापडतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. तिकिटाचे पैसे घालण्याआधी ती जरूर चाळा.

शेजारच्या घराण्याच्या संग्रहाकडेही लक्ष असू द्या. पटवर्धन घराण्याचे मूळपुरुष हरिभट हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय. त्या नात्यामुळे पटवर्धनांच्या मिरज-सांगलीकडच्या कागदांत इचलकरंजीचा उल्लेख वारंवार येतो. तुमच्या आडनावाच्या घराण्याचे उपाध्याय कोण, कारभारी कोण, सावकार कोण, व्याही कोण, हे चार प्रश्न विचारले की पाहण्याजोग्या संग्रहांची यादी दुपटीने वाढते.

पुरालेखागारात

ओळखपत्र आणि विषय स्पष्ट लिहिलेला अर्ज बरोबर ठेवा. विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र घ्या. अर्जात ‘घोरपडे घराणे’ एवढेच लिहू नका. ‘सेनापती घोरपडे, कापशी, अठरावे शतक’ असे लिहिले की सूची पाहणाऱ्यालाही तुम्हाला काय हवे ते कळते. पेन बॅगेत ठेवा, टिपणे शिसपेन्सिलीने घ्या. फोटो काढायची परवानगी आणि नकलांचे दर आधी विचारून घ्या.

कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल सोडला की आतल्या कागदांचा क्रम जसा आहे तसाच राहिला पाहिजे. आपल्या आडनावाचे कागद बाजूला काढून एका ठिकाणी ठेवण्याचा मोह होतो. तो अजिबात करू नका. एखादे पत्र कोणत्या पत्राच्या मागे आणि कोणत्या हिशेबाच्या पुढे बांधलेले आहे, यावरून ते कोणत्या कचेरीत पोचले आणि कशासाठी जपले गेले ते कळते. आडनावावर कागद लावून घेतले की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो, आणि नंतर येणाऱ्या कुणालाच तो परत मिळत नाही. एकत्र करायचे ते आपल्या वहीत किंवा एक्सेलमध्ये, कागद मात्र जागच्या जागी.

मोडीतले नाव आणि तारीख

अठराव्या शतकातले कागद मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो, तसा एखादा वर्ग करून या. दुसऱ्याने केलेल्या लिप्यंतरावर विसंबून आडनाव ठरवायचे म्हणजे पाया दुसऱ्याच्या हाती देणे.

खरी अडचण वेगळीच असते. त्या काळच्या कितीतरी पत्रांत आडनावच नसते. ‘नारो महादेव’ म्हणजे महादेवाचा मुलगा नारो. पत्रात एवढेच येते आणि ‘घोरपडे’ शोधणारा ते पान उलटून पुढे जातो. कुठे नुसता किताब असतो: सेनापती, हिंदुराव, सर्जेराव, झुंझारराव. शेवटचे दोन्ही किताब घाटग्यांचेच, पण सर्जेराव कागलकरांचा आणि झुंझारराव मलवडीकरांचा. म्हणजे आडनाव लिहिलेले नसूनही किताबाने शाखा अचूक सांगितली. म्हणून आडनावाच्या यादीबरोबर नाव-वडिलांचे नाव अशा जोड्यांची आणि किताबांची अशा आणखी दोन याद्या तयार ठेवा.

आता तारीख. समजा, पत्राच्या शेवटी ‘छ १२ जमादिलाखर, सुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ’ असे आहे. ‘छ’ म्हणजे चंद्राची तारीख, जमादिलाखर हा हिजरी महिना आणि सुहूर हा मराठी कागदांतला सन. सनाचा आकडा अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने असतो. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. मिळून ११७२. सुहूर सन मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी जमादिलाखर सप्टेंबरात पडतो, म्हणून ११७२ अधिक ५९९, पत्र १७७१ च्या सप्टेंबरातले. त्याच सनाच्या पत्रावर ‘छ ५ सफर’ असते तर ते पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात गेले असते, म्हणजे १७७२. हिजरी महिना इंग्रजी वर्षात कुठे पडतो ते जंत्री, म्हणजे तारखांचे कोष्टक उघडूनच ठरवा, अंदाजाने नको. तारीख चुकली की पत्र भलत्याच पिढीच्या नावावर जाऊ शकते, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवायची चाल सगळ्याच घराण्यांत होती.

शालिवाहन शक असेल तर साधारण ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०. राज्याभिषेक शक १६७४ च्या जूनपासून मोजतात.

कागदाचा प्रकारही टिपा. महजरावर साक्षीदार असतात आणि त्यात निर्णय असतो. सनदेत हक्क दिलेला असतो. करीना आणि कैफियत मात्र आपला हक्क शाबीत करण्यासाठी घराण्याने स्वतःच सांगितलेली हकीकत असते. वाड, मावजी आणि पारसनीस यांनी १९०८ मध्ये छापलेल्या कैफियती व याद्यांत अनेक सरदार घराण्यांच्या अशा हकीकती आहेत. वाचायला त्या रसाळ आहेत आणि कुळकथेसाठी मोलाच्या. पण ‘आमचे मूळपुरुष अमक्या राजवंशातले’ हे वाक्य नुसत्या कैफियतीच्या जोरावर सत्य म्हणून उतरवू नका. मुधोळकरांच्या जुन्या फर्मानांच्या अस्सलपणावर अभ्यासकांमध्ये वाद झाले आहेत, तेव्हा ती वापरताना तो वादही सांगावा लागतो.

आडनाव सारखे असलेले अभ्यासक

ग्रंथालयात हाच घोळ उलट्या बाजूने होतो. कोल्हापूरच्या मराठेशाहीवर काम करणाऱ्याच्या संदर्भात ‘खरे’ हे नाव सतत येते. मात्र मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) वेगळे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे (१९०१–१९८५) वेगळे. पहिल्यांनी पटवर्धन दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला आणि इचलकरंजी संस्थानचा इतिहास लिहिला. दुसऱ्यांचे मोठे काम फार्सी साधनांचे. एखाद्या प्रबंधात तळटीपेला नुसते ‘खरे, पृ. ४५’ आढळले तर तो संदर्भ मूळ ग्रंथ उघडून तपासल्याशिवाय पुढे नेऊ नका.

पवारांच्या बाबतीत तर दोघेही कोल्हापूरचेच आणि विषयही जवळजवळ एकच. डॉ. आप्पासाहेब पवार शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ हे खंड त्यांनी संपादित केले. डॉ. जयसिंगराव पवार यांनी महाराणी ताराबाईंवर आणि सेनापती संताजी घोरपड्यांवर चरित्रग्रंथ लिहिले. ‘पवार’ आणि ‘ताराबाई’ हे दोन शब्द सूचीत टाकले की दोघांची नावे शेजारी शेजारी येतात. एक मूळ कागदांचे संपादक, दुसरे चरित्रकार. एक साधन, दुसरे त्या साधनांवरचे विवेचन. दोन्ही हवीत, पण टिपणात त्यांच्या जागा वेगळ्या असल्या पाहिजेत.

घराण्यावरचे ग्रंथ त्या आडनावाखाली क्वचितच सापडतात. घोरपड्यांचा इतिहास खरे, आपटे, पवार यांच्या नावांखाली आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास द. वि. आपट्यांनी लिहिला. उलट घराण्यातल्या माणसाने स्वतः लिहिलेले पुस्तकही आडनावाने सापडेलच असे नाही. इचलकरंजीचे नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी युरोपच्या प्रवासानंतर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक सूचीत घोरपडे या आडनावाऐवजी ‘चीफ ऑफ इचलकरंजी’ या पदाखाली असू शकते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य आणि शिवचरित्रकार डॉ. बाळकृष्ण हे तर आडनाव न लावताच लिहीत. तेव्हा ग्रंथसूचीत लेखक, विषय, गाव आणि पद अशा चारही वाटांनी शोधा.

इंग्रजी वर्णलेखनाचाही घोळ असतो. १८२६ च्या ग्रँट डफच्या इतिहासात घोरपड्यांच्या आडनावाचा शेवट आर-ए-वाय असा होतो, घाटग्यांचा जी-ए-वाय असा. आजचे सरळ स्पेलिंग टाकून शोधले तर ही पाने हाती लागत नाहीत. जुन्या इंग्रजी ग्रंथांत दिसलेले प्रत्येक स्पेलिंग वहीत उतरवत जा आणि पुढच्या शोधात ती सगळी वापरा.

कोल्हापुरात दोन ग्रंथालये आधी पाहा: शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर. विद्यापीठाने काढलेले शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड आणि मा. वि. गुजर यांनी संपादित केलेली ‘करवीर छत्रपति घराण्याच्या इतिहासाची साधने’ चाळताना नामसूचीवर थांबू नका. सूची बऱ्याचदा अपुरी असते, किताबाने आलेली नावे तिच्यातून निसटतात. प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आहे, आणि हक्क संपलेले बरेच जुने ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात.

तक्ता

एका ओळीत एक कागद. रकाने असे: नाव, मुळात जसे लिहिले तसेच. मग प्रमाण नाव. वडिलांचे नाव. किताब. गाव. शाखा. मूळ तारीख, शेजारी इसवी सन. कागदाचा प्रकार. संस्था, दप्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांक. कुठे छापला असल्यास खंड आणि पृष्ठ. शेवटी शाखेबद्दलची खात्री: पक्की, संभाव्य किंवा तर्क.

यातला शेवटचा रकाना बरेच जण सोडून देतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. ‘पक्की’ तेव्हाच लिहा जेव्हा गाव, किताब, वडिलांचे नाव यांपैकी किमान दोन गोष्टी कागदातच आहेत. आडनाव तेवढे जुळले तर ‘तर्क’. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींसाठी मोडी कागद शोधणाऱ्यांची संख्या खूप वाढली आहे. त्यांनाही हेच सांगावेसे वाटते: गाव आणि वंशावळ जुळल्याशिवाय आडनावाच्या नोंदीवर नाते उभे करू नका.

छापील खंडातले पत्र आणि मूळ पत्र एकच निघाले तर दोन ओळी करू नका, एकाच ओळीत दोन्ही संदर्भ द्या. एकच पत्र दोन-तीन संपादकांनी छापलेले असते. ती वेगवेगळी धरली की एक साक्ष तीन होते.

घरातली दप्तरे

कोल्हापूर, कागल, शिरोळ भागात अजूनही पेटीत, माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात दप्तरे आहेत. कुणी ती दाखवली तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: हे कागद घरात कुठून आले, याआधी कुठे होते, कुणी वाचले होते का? ही माहिती कागदाच्या फोटोइतकीच महत्त्वाची आहे आणि ती फक्त त्यांच्याकडेच आहे. त्यांच्यासमोर लिहून घ्या. जमिनीच्या हक्काचे कागद असतील तर लेखी परवानगीशिवाय काहीही प्रसिद्ध करू नका, आणि हयात माणसांची नावे तक्त्यात ठेवू नका.

लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात बांधा आणि जमिनीपासून उंच, भिंतीपासून लांब ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कुठवर आले हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. पूररेषेत घर असेल तर दप्तर पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर हलवा. कागद भिजलेच तर ओढून सुटे करू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी टीपकागदावर पसरा. गठ्ठा घट्ट चिकटला असेल तर स्वच्छ पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि पुरालेखागारातल्या जाणकाराला विचारा. तेवढ्या अवधीत बुरशी धरत नाही.

फोटो काढताना प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू घ्या. पाठीमागे शेरा, पोचल्याची तारीख किंवा शिक्का असतो, आणि बरेचदा शाखेचा निर्णय त्या चार अक्षरांवरच होतो. कडेला मोजपट्टी ठेवा. फाइलला आडनावाचे नाव देऊ नका. गाव, दप्तर आणि अनुक्रम असे नाव द्या, म्हणजे उद्या शाखेबद्दलचे मत बदलले तरी फाइलचे नाव बदलावे लागत नाही. फोटोंची एक प्रत घरच्यांना द्या, एक स्वतःकडे ठेवा, आणि त्यांची हरकत नसेल तर तक्त्यासह तिसरी प्रत जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात जमा करून पोच घ्या.